आवाजाचं शेपूट

माझ्या आवाजाला काही वर्षं शेपूट होतं. ते खरं तर आमच्या ऑर्केस्ट्राच्या मालकांच्या पेटीचं होतं, पण मला ते माझंच वाटायचं. मी ओळ गाऊन थांबले की माझ्याच आवाजाचं टोक मागून पुन्हा यायचं, मग पुन्हा, आणि विरत विरत मंडपाच्या कनातीत कुठंतरी नाहीसं व्हायचं. लोक म्हणायचे, काय आवाज हाय बाईचा. मी नम्रपणे मान खाली घालायचे. मान किती खाली घातली की नम्र दिसते आणि किती घातली की नुसता अंबाडा दिसतो, याचा मी आरशासमोर सराव केलेला होता.

कोल्हापुरात टीव्ही दिसायला अजून अवकाश होता, तेव्हाची ही गोष्ट. गणपतीत, नवरात्रात, गावोगावच्या जत्रांत ऑर्केस्ट्रा असायचा, आणि आमचा ऑर्केस्ट्रा त्या सगळ्यांत वेगळा होता. पोस्टरवर मोठ्या अक्षरांत ‘संपूर्ण इलेक्ट्रॉनिक’ असं छापलेलं असे. मालकांचं शिवाजी पेठेत रेडिओ दुरुस्तीचं आणि लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान होतं, त्यामुळं ज्याला वायर नाही ते वाद्य नाही अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. विजेवरचा ऑर्गन ते स्वतः वाजवत. तो मुंबईहून जुना आणलेला होता आणि प्रवासात त्याच्यावर वाकळ घालत असत. कार्यक्रमाला निघालो की एखादा आजारी माणूस घेऊन मिरजेच्या दवाखान्यात चाललोय असं वाटे. दोन गिटारी विजेवरच्या. ड्रमला वायर नव्हती याचं मालकांना वाईट वाटायचं, म्हणून त्यांनी त्याच्या पोटात एक माइक ठेवला होता.

आणि इको. ती एक चौकोनी पेटी होती. आत टेपची गोल पट्टी गरगर फिरायची. गाणाऱ्याचा आवाज तिच्यावर भरला जायचा आणि पुढच्या क्षणी तीच पट्टी तो परत म्हणून दाखवायची. ही पेटी स्टेजवर माझ्या उजव्या हाताला, मालकांच्या स्टुलाशेजारी असे. ओळ सोडली की मी उजवीकडं बघायचे. पेटीतून ओळ परत आली की मगच पुढची ओळ घ्यायचे. एखाद्या बाईनं नवऱ्याला आत येऊ द्यावं आणि मग दार लावावं, तसं.

मी मुख्य गायिका होते. पोस्टरवर मात्र माझं नाव नव्हतं. मुंबईच्या एका थोर गायिकेचं नाव होतं आणि त्याच्या आधी ‘कोल्हापूरची’ एवढा शब्द होता. मला त्याचा अभिमान वाटायचा. मी नायलॉनची साडी नेसायचे, माइकची वायर मनगटाला दोन वेढे देऊन धरायचे आणि टाळ्या पडल्या की ‘थँक यू’ म्हणायचे. ते ‘थँक यू’ही इकोतून तीनदा जायचं. शेवटचं ‘यू’ जत्रेतल्या पाळण्यापर्यंत पोचायचं असं आमचे हे सांगायचे. ह्यांना गाण्यातलं काही कळत नव्हतं, पण अंतर बरोबर सांगायचे.

घरी आत्ती होत्या. सासूला आमच्याकडं आत्ती म्हणतात. त्यांचं स्वतःचं बायकांचं भजनी मंडळ होतं. दर मंगळवारी आमच्या घराला लागून असलेल्या देवळात बसायचं. आत्तींचा आवाज बंद दार खांद्यानं ढकलावं तसा होता, आणि सूर कुठं असेल तिथं त्या वाटेत सवड झाली तर जायच्या. एकीनं ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी तीच ओळ मागं म्हणायची, असा त्यांचा भजनाचा रिवाज. मला ते ऐकून कंटाळा यायचा. एकदा ऐकू आलेली ओळ पुन्हा कशाला, असं मी ह्यांना म्हणत असे. माझी ओळ पेटी तीन-तीनदा म्हणायची, त्याला मात्र मी कला समजत होते.

तर हुपरीची जत्रा. चांदीच्या पैंजणांचं गाव, पुढच्या रांगांत सगळे कारागीर, घरातून छन्नी-हातोडी ठेवून आलेले. दिवस मावळत होता. मी एका गाण्याची ओळ सोडली, उजवीकडं बघितलं, आणि लाईट गेली. ऑर्गन तोंडावर उशी दाबल्यासारखा गप झाला. गिटारी गप झाल्या. ड्रमवाल्याला वाजवता आलं असतं, पण तोही मालकांशी इमान राखून थांबला. मिठाईच्या दुकानातल्या पेट्रोमॅक्सचा उजेड माझ्या तोंडावर पडत होता, म्हणजे मी सगळ्यांना दिसत होते.

मला फक्त पुढची ओळ घ्यायची होती. घसा माझा होता, गाणं पाठ होतं. पण शेपूट आलं नव्हतं. मी शेपटाची वाट बघत उभी राहिले. उजवीकडं बघत, ओठ थोडे उघडे ठेवून, मनगटाला वायरचे दोन वेढे. पुढच्या रांगेतला एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, आणि एवढी शांतता होती की ते सगळ्या मैदानानं ऐकलं:

“बाईबी करंटवरच चालती वाटतं.”

नंतर लाईट आली. ऑर्गन जागा झाला, मी गायले. पण त्यानंतर मी प्रत्येक ओळीनंतर उजवीकडं बघितलं की लोक हसत होते.

हुपरीची माणसं सकाळच्या गाडीनं पैंजणं घेऊन कोल्हापुरात गुजरीच्या सराफबाजारात येतात. त्या सकाळी पैंजणांबरोबर ते वाक्यही आलं. दुपारपर्यंत आमच्या शिवाजी पेठेत पोचलं. दुसऱ्या दिवशी आमच्या गवळ्यानं पातेल्यात दूध ओतता ओतता विचारलं, घरात लाईट हाय न्हवं. मी म्हटलं, आहे, का? तर म्हणाला, मग म्हणा की एखादं. तेव्हापासून तो रोज विचारायचा. लाईट असली तरी विचारायचा, नसली तरी विचारायचा. आत्ती त्याच्याकडून दूध घेताना पदर तोंडाला लावायच्या. त्या खोकतायत असं मी आठवडाभर समजत होते.

मला पोस्टर नको झालं, मुंबईच्या बाईंचं नाव नको झालं. मला एकच गोष्ट हवी होती. विजेशिवाय, पेटीशिवाय, कुणी मागं-पुढं नसताना मी एकटी गाऊ शकते, हे पेठेनं एकदा बसून ऐकावं. त्या गवळ्यानं तर ऐकावंच. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी तो कार्यक्रम ऐकत असे. त्यात गवळी रडत असे.

मी दुकानात जाऊन मालकांना सांगितलं की मी ऑर्केस्ट्रा सोडते आणि स्वतःचा, एकटीचा कार्यक्रम करते. ते एका रेडिओच्या पोटात हात घालून बसले होते. रागावले नाहीत. हात बाहेर न काढता म्हणाले, “पेटी तुमच्याबिगर चालंल. तुमी पेटीबिगर चालशीला?”

याला चोख उत्तर मला जिना उतरून रस्त्यावर आल्यावर सुचलं. परत वर जाऊन देणं बरं दिसलं नसतं.

कार्यक्रमाची तयारी जोरात सुरू झाली. म्हणजे मी एकटीच जोरात होते. पेठेतल्या एका शाळामास्तरांनी माझ्यासाठी नवं गाणं लिहून दिलं: ‘तळ्याकाठी एकटी मी, एकटी ही सांज गं’. रंकाळ्यावर बसून लिहिलं असं ते म्हणाले. एकटी हा शब्द त्यात पुष्कळ वेळा होता आणि मी मुद्दाम आणखी घालून घेतला. साथीला एक वयस्कर तबलजी मिळाले. ते तालमीतल्या जुन्या पैलवानासारखे दिसायचे आणि तबल्याला थोपटताना ‘बस, बस’ म्हणायचे. पेटी, म्हणजे हाताची साधी हवेची पेटी, मी स्वतःच वाजवणार होते.

आमच्या पुढच्या खोलीत सराव चालायचा. दोन दिवस तबलजी वाजवत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी तबल्यावरचे हात उचलले आणि दाराकडं बघत बसले. मी विचारलं, काय झालं.

“कोन याचं हाय?”

“कुठं कोण?”

“न्हाय, ओळ झाली की तुमी थांबताय आन् दाराकडं बघताय. पावणं याचं हाईत काय कुणी? येऊ देत, मग वाजवतो.”

दार माझ्या उजव्या हाताला होतं.

मी त्यांना सांगितलं की ही माझी शैली आहे. ओळ ऐकणाऱ्याच्या मनात उतरायला जागा सोडावी लागते. तबलजी बरं म्हणाले. मग त्या जागेत ते आपले पान लावायला लागले. पानाला चुना लावून, कात टाकून, ते घडी घालून गालात ठेवेपर्यंत माझी पुढची ओळ यायची. तेव्हा माझी जागा किती मोठी आहे ते मला दिसलं.

ती जागा बुजवायचे मी पुष्कळ प्रयत्न केले. डोळे मिटून गायले. डोळे मिटूनही मान उजवीकडं वळायची. तांब्याच्या हंड्यात तोंड घालून गायले. तिथं आवाज छान परत यायचा, पण हंडा घेऊन स्टेजवर जाता येत नव्हतं, आणि आत्तींना पाणी तापवायला तो हवा होता. शेवटी माझ्या डोक्यात आलं की कार्यक्रम अशा ठिकाणी करावा जिथं वीज नसताना शेपूट मिळेल. पन्हाळ्यावर जुन्या काळातली धान्याची कोठारं आहेत, दगडी, उंच छताची. तिथं आवाज घुमतो. एका रविवारी ह्यांना घेऊन मी एस.टी.नं पन्हाळ्याला गेले आणि कोठारात मधोमध उभी राहून ‘तळ्याकाठी’ सुरू केलं.

आवाज परत आला. चारही बाजूंनी आला, आणि माझी ओळ संपायच्या आधीच आला. ‘एकटी’ म्हणते तोवर मागून ‘तळ्याकाठी’ यायचं आणि वरून ‘सांज गं’ पडायचं. मी थांबले तर ते थांबेना. तेवढ्यात कुठल्याशा शाळेची सहल आत शिरली. पोरांनी क्षणभर ऐकलं, त्यांना वाटलं इथं असंच करायचं असतं, आणि सगळ्यांनी मिळून ‘ओ’ केलं. हे दारात बसून शेंगा खात होते. टरफलं रुमालात बांधून म्हणाले, गाडीची वेळ झाली.

परत आल्यावर मी पेठेतल्या एका वाचनालयाचा छोटा हॉल ठरवला. रविवारी संध्याकाळी पाच वाजता. पेंटरकडून बोर्ड रंगवून घेतला आणि त्याच्यावर माझं नाव होतं. माझं, पूर्ण, सासरच्या आडनावासकट. खाली: ‘एकटीचा कार्यक्रम. विजेचा वापर नाही.’ हे दुसरं वाक्य पेंटरला कळलं नाही. त्यानं दोनदा विचारून घेतलं. माइक मी नाकारला होता. हॉलमधले पंखेसुद्धा बंद ठेवायला सांगितले होते, उगाच कुणाला शंका नको. बोर्ड वाचनालयाच्या दारात टांगला तेव्हा मी समोरच्या फुटपाथवरून तो बघून आले. मग दुसऱ्या बाजूनं बघून आले. संध्याकाळी एका मैत्रिणीला वेगळंच कारण सांगून त्या रस्त्यानं नेलं.

रविवारी पाच वाजता हॉलमध्ये तबलजी होते, शाळामास्तर होते, वाचनालयाचा शिपाई होता आणि हे होते. ह्यांचं लक्ष सारखं घड्याळाकडं. साडेपाच वाजले तरी तेवढेच. मी ह्यांना विचारलं, लोक कुठं आहेत. ह्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की जणू मी विचारलं, सूर्य कुठून उगवतो.

“मॅच हाय की.”

पेठेचा त्या दिवशी फुटबॉलचा सामना होता. दुसऱ्या एका पेठेशी, फायनलचा. कोल्हापुरात जन्मून, शिवाजी पेठेत संसार करून, मी फायनलच्या दिवशी पाच वाजता गाण्याचा कार्यक्रम ठेवला होता. पंधरा दिवस घरात हेच बोलणं चाललेलं असणार. मी हंड्यात तोंड घालून बसले होते. मी ह्यांना म्हटलं, मला आधी नाही का सांगायचं. ते म्हणाले, “मॅच हाय हे सांगाय लागतंय व्हय?” आणि ते खरोखरच दुखावलेले दिसले. फायनल सोडून बायकोच्या कार्यक्रमाला बसलेले पेठेतले ते एकमेव पुरुष होते. हे मला तेव्हा कळलं नाही. तेव्हा मी रडवेली झाले होते.

आत्ती डोकावून गेल्या. रिकाम्या खुर्च्या बघितल्या, माझ्याकडं बघितलं आणि निघून गेल्या. थोड्या वेळानं त्या परत आल्या त्या अख्खं भजनी मंडळ घेऊन. देवळाच्या कट्ट्यावर बसलेल्या बायका, कुणाच्या हातात निवडायची मेथी, कुणाच्या मांडीवर नातू. आत्तींनी त्यांना पुढच्या रांगांत दाटून बसवलं आणि म्हणाल्या, खुर्च्या मोकळ्या दिसाय नगंत. मग स्वतः मधोमध बसल्या. मला हातानं खूण केली: हं.

मला त्या बायकांसमोर गायचं नव्हतं. मला पेठेसमोर गायचं होतं, गवळ्यासमोर. पण बोर्डावर माझं नाव होतं. मी पेटीवर सूर धरला आणि पहिली ओळ गायले.

“तळ्याकाठी एकटी मी, एकटी ही सांज गं.”

आणि सवयीप्रमाणे थांबले.

त्या बायकांच्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं की एकीनं ओळ सांगून जागा सोडलीय आणि बाकीच्या गप बसल्यात. त्यांनी विचारही केला नाही. मेथीचे हात थांबले, टाळी पडली आणि सगळ्याजणी एकदम, चढ्या आवाजात म्हणाल्या, तळ्याकाठी एकटी मी.

तबलजींनी पान लावायला घेतलं होतं. ते खाली ठेवलं.

मी चपापले. दुसरी ओळ गायले, पुन्हा थांबले, ती माझी चूक. त्यांनी दुसरी ओळ उचलली. आत्तींचा आवाज सगळ्यांच्या वर होता आणि तो माझ्या सुराच्या शेजारून, जवळून पण न शिवता, जात होता. मी मनात म्हटलं, आता थांबायचं नाही. पण ओळ संपली की माझी मान उजवीकडं वळायची, श्वास अडकायचा, आणि जागा सुटायचीच. जागा सुटली की त्या यायच्याच. शाळामास्तर डोळ्यांवर हात ठेवून बसले होते. त्यांच्या गाण्यातली एकाकी बाई आता बरीच मोठी झाली होती. तिच्यात दोन रांगा बायका होत्या आणि एक तान्हं मूल.

अंतरा संपत आला तेव्हा बाहेर गलका झाला. सामना सुटला होता. पेठ जिंकली की हरली हे मला अजून सांगता येत नाही, ह्यांना विचारलं तर ते तो विषय काढू नको म्हणतात, त्यावरून समजायचं. पुरुष घराकडं परतत होते. हॉलमधून टाळ्यांचा आणि गाण्याचा आवाज येतोय म्हणून ते दारात थांबले. दार भरलं. पुढंच आमचा गवळी होता, गळ्यात पेठेच्या रंगाचा रुमाल, तोंड उतरलेलं.

मी ठरवलं, हीच वेळ. आता ऐका. मी ध्रुवपदाची ओळ घेतली आणि शेवटचा स्वर धरून ठेवला, मान सरळ ठेवली, नखं पेटीच्या लाकडात रुतवली, आणि न थांबता पुढच्या ओळीत गेले. जागा सोडली नाही. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा माझ्या दोन ओळी एकमेकींना चिकटल्या. मला स्वतःलाच तो आवाज नवा वाटला, जरा पातळ, पण सबंध.

पुढच्या रांगांतल्या बायकांनी तोंड उघडलेलं होतं, ते तसंच राहिलं. दोघीतिघी अर्ध्या ओळीत येऊन माझ्यावर आदळल्या. सगळा गोंधळ झाला. आत्तींनी हात वर केला, मंडळात कुणी चुकलं की करायच्या तसा, आणि सबंध हॉलला ऐकू जाईल असं म्हणाल्या:

“आमाला जागा सोड की गं. एकटीच म्हनायची हाईस तर आमी इथं कशाला बसलाव?”

दारातली माणसं हसली. मी आत्तींकडं बघितलं. त्या हसत नव्हत्या. त्या मंगळवारसारख्या तयार होऊन बसल्या होत्या, पाठ ताठ, टाळीचे हात वर धरलेले, माझ्या तोंडाकडं बघत. मी देवळात त्यांच्या मागं बसून कधी ओळ म्हटली नव्हती. त्या मात्र माझी ओळ म्हणायला बसल्या होत्या.

आणि मला गाता येतं हे आता कळलं होतं. ते पेठेला कळलं की नाही हे मला माहीत नाही, मला कळलं. मग एवढी जागा अडवून काय करायचं होतं.

मी ओळ पुन्हा पहिल्यापासून घेतली. या वेळी मी आपणहून थांबले. मान मात्र जुन्या खोडीनं उजवीकडं वळली, म्हणजे दाराकडं. दारातल्या पुरुषांना वाटलं, बाई आपल्याला खूण करतीय. गवळ्यानं इकडंतिकडं बघितलं. गळ्यातला रुमाल काढून हातात घेतला. बायकांची टाळी पडली आणि त्यांच्यात मिसळून तो भसाड्या आवाजात म्हणाला, तळ्याकाठी एकटी मी. मग त्याच्या मागचे सगळे म्हणाले. फायनल बघून आलेले ते एवढे लोक इतक्या मनापासून एकटेपणाचं गाणं म्हणत होते की शाळामास्तरांनी डोळ्यांवरचा हात काढला.

दुसऱ्या दिवशी गवळ्यानं दूध ओतलं आणि लाईटचं काही विचारलं नाही. ती ‘गं’ची जागा जरा चढी पडते, एवढंच म्हणाला.

अशी माझी एकटीची कारकीर्द सुरू झाली. ती बरीच वर्षं चालली. बारशाला, हळदीकुंकवाला, गणपतीत, नवरात्रात बोलावणी यायची, आणि प्रत्येक बोलावण्यात एक अट असायची, की त्या बायकांसकट या. पेंटरकडून बोर्ड पुन्हा रंगवून घेतला. ‘एकटीचा कार्यक्रम’ ही अक्षरं मी काढू दिली नाहीत. त्याच्याखाली त्यानं ‘आणि मंडळी’ लिहिलं. वाचणाऱ्यांना त्यात काही चूक दिसली नाही.

एका वर्षी हुपरीचं बोलावणं आलं. तीच जत्रा, तेच मैदान. मैदान मोठं होतं, आणि एव्हाना मी माइक घ्यायला लागले होते. हट्टाचं वय संपत आलं होतं. लाउडस्पीकर मालकांचेच. त्यांच्या ऑर्केस्ट्रात आता दुसरी मुलगी गात होती, तिच्याही आवाजाला शेपूट होतं आणि मुलगी गुणी होती. मला बघून मालकांना आनंद झाला. त्या आनंदात, मला न विचारता, त्यांनी माझ्या माइकला इको जोडला.

मी पहिली ओळ सोडली. मागून माझीच ओळ आली, गोड, गोल, आणि तिच्या अंगावर आत्तींची आणि बायकांची ओळ येऊन पडली. आत्ती गाता गाता थांबल्या. मागं वळून त्यांनी मंडळातल्या एकेकीकडं बघितलं.

“मागनं कोन म्हनतीया गं ती? सुरात न्हाय.”

कुणी कबूल होईना. मालकांनी हळूच बटण बंद केलं.

त्या संध्याकाळी मी फार छान गायले असं मला वाटतं, पण नक्की सांगता येत नाही, कारण माझं सगळं लक्ष दिव्यांकडं होतं. लाईट जाईल, आणि मी गातच राहीन, आणि तो म्हातारा पुढच्या रांगेत असेल. लाईट गेली नाही. पुढच्या रांगेत म्हातारे पुष्कळ होते आणि त्यातला तो कोणता हे मला ओळखू येईना. सगळेच टाळी धरून मागं म्हणत होते.

परतीच्या गाडीत आत्ती माझ्या शेजारी बसल्या. हुपरीच्या बायकांनी त्यांच्या ओटीत घातलेला नारळ त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला, आपले हात मोकळे केले आणि विचारलं, गाताना सारखी वर काय बघत होतीस. मी म्हटलं, काही नाही. त्या म्हणाल्या:

“उद्यापासनं ‘एकटी मी’च्या म्होरं जरा जास्ती थांब. आमाला दम पुरत न्हाय.”

मी म्हटलं, थांबतो. आमच्याकडं बायकाही तसंच म्हणतात.